पार्सल पाठवण्याआधी स्वतःला विचारा हे ३ प्रश्न

राखी, दिवाळीचा फराळ, भाचीच्या बारशाचे कपडे, बाबांच्या पेन्शनची कागदपत्रे... आलमबागमध्ये राहणाऱ्या मराठी घरांतून वर्षभर काही ना काही महाराष्ट्राकडे निघतच असते. नोकरी, बदली किंवा लग्नामुळे लखनौला आलेल्यांसाठी मुंबई सुमारे १४०० किलोमीटर दूर आहे. प्रत्येक सणाला, प्रत्येक कार्याला जाणे जमत नाही. मग आपल्याऐवजी पार्सल जाते.

पण पार्सल पाठवायचे म्हटले की आपण काय करतो? माळ्यावरचा मिक्सरचा खोका काढतो, वस्तू भरतो, वरून भरपूर टेप गुंडाळतो आणि घराजवळ जे काउंटर असेल तिथे देऊन येतो. बहुतेक वेळा ते नीट पोहोचतेही. जेव्हा पोहोचत नाही, तेव्हा मात्र चकलीचा चुरा झालेला असतो, लोणच्याचे तेल नव्या कुर्त्यावर उतरलेले असते किंवा मूळ गुणपत्रिका नेमकी कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नसते.

म्हणूनच खोका शोधण्याआधी ३ प्रश्नांची उत्तरे द्या. उशीर झाला तर काय होईल? फुटले तर काय होईल? आणि हरवले तर काय होईल? पहिल्या उत्तरावरून सेवा ठरते, दुसऱ्यावरून खोका आणि तिसऱ्यावरून नोंदणी व विमा. एकाच घरातून निघणाऱ्या ४ पार्सलांची उत्तरे ४ प्रकारची असू शकतात. सगळ्यांना एकच मोजमाप लावले की कुठे पैसे वाया जातात, तर कुठे वस्तू.

उशीर झाला तर?

राखी पौर्णिमेनंतर पोहोचली तर भाऊ ती बांधून घेईलच, पण त्या दिवसाची मजा गेली. नोकरीचा अर्ज शेवटच्या तारखेनंतर पोहोचला तर काहीच उपयोग नाही. याउलट मोठ्या ताईने वाचून झालेली पुस्तके धाकट्याला ४ दिवस उशिरा मिळाली, तर काही बिघडत नाही.

ज्याला तारीख आहे, ते स्पीड पोस्टने किंवा चांगल्या कुरियरने पाठवा. स्पीड पोस्ट ही सेवा १ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाली. २०२५ मध्ये पोस्टाने रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. त्यामुळे आजी-आजोबांनी ‘रजिस्टर्ड करून पाठव’ असे सांगितले, तर आता काउंटरवर स्पीड पोस्टच मागायचे आणि त्यासोबत ‘रजिस्ट्रेशन’ची जोड घ्यायची. ही जोड घेतली की पाकीट ज्याच्या नावाने आहे त्याच्याच किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या हातात दिले जाते. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरांनुसार ५० ग्रॅमपर्यंतच्या कागदपत्रांना शहरातल्या शहरात १९ रुपये आणि बाहेरगावी ४७ रुपये पडतात. रजिस्ट्रेशनचे ५ रुपये वेगळे आणि या सगळ्यावर जीएसटी. मूळ प्रमाणपत्र पाठवताना हे ५ रुपये वाचवू नका.

पुस्तकांसाठी मात्र स्पीड पोस्टचा खर्च करण्याची गरज नाही. पोस्टाने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली आहे. यात ३०० ग्रॅमपर्यंतच्या पुस्तकांच्या पाकिटाला २० रुपये आणि ५ किलोपर्यंत जास्तीत जास्त १०० रुपये, वर कर, इतकाच दर आहे. पार्सल जमिनीवरून जाते म्हणून वेळ लागतो, पण त्याचा माग काढता येतो. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले हवे. मासिके आणि जाहिरातींचे साहित्य यात चालत नाही. स्पर्धा परीक्षेची पुस्तके गावाकडच्या भावंडाला पाठवायची असतील, तर ही सेवा फार उपयोगी आहे.

सायकल, स्कूटर किंवा भांड्यांची मोठी पेटी असेल, तर रेल्वेच्या पार्सल ऑफिसचा विचार करा. आलमबागकरांना चारबाग स्टेशन जवळ आहे, मेट्रोने ४ स्टेशने. मात्र रेल्वेचे पार्सल घरपोच येईल असे धरून चालू नका. ते साधारणपणे समोरच्या स्टेशनवर जाऊन सोडवून घ्यावे लागते आणि वेळेत नेले नाही तर जागेचे भाडे पडते. गाडी पाठवताना टाकीतले पेट्रोल पूर्ण काढावे लागते, गाडीची कागदपत्रे आणि ओळखपत्रही लागते. तिकडे सामान आणायला जाणारे कोणी असेल, तरच हा मार्ग निवडा.

फुटले तर?

आता खोका. आपल्याकडे खोका निवडताना बहुतेक वेळा एकच निकष असतो, तो म्हणजे घरात कोणता रिकामा आहे. खरे तर आधी वस्तू बघायची आणि मग खोका.

कपडे : चिकनकारीचा कुर्ता, साडी किंवा दुपट्टा फुटणार नाही. त्याला पाण्यापासून आणि चोरीपासून जपायचे आहे. त्यामुळे खोक्याची गरजच नाही. आधी साध्या प्लास्टिक पिशवीत घालून हवा काढून टाका आणि मग एकदा चिकटवली की फाडल्याशिवाय उघडत नाही अशा कुरियरच्या जाड पिशवीत भरा. मुकैशचे, म्हणजे धातूच्या बारीक पट्टीचे काम असेल, तर घड्यांमध्ये मऊ सुती कापड किंवा पातळ कागद ठेवा, नाहीतर एका थराची टिकली दुसऱ्या थराच्या धाग्यात अडकते.

फराळ : चकली, करंजी, शंकरपाळे यांचा शत्रू म्हणजे डब्यातली मोकळी जागा. हलल्यामुळे ते मोडतात. पातळ पिशवीत न भरता कडक प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या डब्यात एकावर एक रचा आणि उरलेल्या फटींमध्ये चिवड्याची छोटी पाकिटे बसवा. चिवडा दाबला गेला तरी चालतो आणि चकली शाबूत राहते. लाडू प्रत्येकी कागदी वाटीत ठेवा. फराळ पूर्ण थंड झाल्याशिवाय डबा बंद करू नका, आतल्या वाफेने तो मऊ पडतो. ओल्या नारळाचे, खव्याचे किंवा पाकातले पदार्थ पाठवूच नका, कितीही जलद सेवा असली तरी.

लोणचे आणि तूप : काचेच्या बरणीऐवजी जाड प्लास्टिकची बरणी घ्या. तोंडावर प्लास्टिकचा पातळ कागद ताणून लावा, त्यावर झाकण फिरवा, झाकणाच्या कडेने टेप मारा आणि बरणी २ पिशव्यांमध्ये बंद करा. कपड्यांच्या पार्सलमध्ये लोणचे कधीही ठेवू नका. २ पार्सलांचा खर्च जास्त वाटेल, पण हळदीचा डाग पडलेली पांढरी चिकनची साडी त्याहून महाग पडते. तेल-तुपाची बरणी घेतली जाते का, हे काउंटरवर आधीच विचारा. अनेक ठिकाणी पातळ पदार्थ घेत नाहीत.

काच, चिनीमाती, फोटोफ्रेम : इथे पुठ्ठ्याचा खोका हवा आणि तोही चांगला. दुकानात ‘३ प्लाय’ आणि ‘५ प्लाय’ असे शब्द ऐकू येतील. २ सपाट कागदांमध्ये एक नागमोडी थर असला की ३ प्लाय आणि असे २ नागमोडी थर असले की ५ प्लाय. हलक्या वस्तूंना ३ प्लाय पुरतो. जड किंवा नाजूक वस्तूंना ५ प्लायच घ्या. प्रत्येक वस्तू वेगळी गुंडाळा आणि सगळ्या बाजूंनी किमान ५ सेंटिमीटर भरण ठेवा. भरण म्हणून बबल रॅप उत्तम. नसेल तर वर्तमानपत्राचे चुरगाळलेले गोळे घ्या. सपाट घड्या केलेला कागद धक्का झेलत नाही.

खोका बंद करून दोन्ही हातांनी हलवून बघा. आत काही हलल्याचा आवाज आला, तर तो पुन्हा उघडा आणि भरण वाढवा. वापरलेला खोका घ्यायला हरकत नाही, पण त्याचे कोपरे मऊ पडलेले नसावेत, त्याला ओल लागलेली नसावी आणि जुने पत्ते व बारकोड काढून टाकलेले असावेत. जुना बारकोड मशीनने वाचला, तर पार्सल भलत्याच गावी निघू शकते. टेप २ इंच रुंदीची घ्या आणि मधल्या जोडावर तसेच दोन्ही कडांवर लावा. सुतळीने बांधू नका, ती यंत्रात अडकते. ‘नाजूक वस्तू’ असे जरूर लिहा, पण ते वाचून कोणी खोका फुलासारखा उचलेल या भरवशावर राहू नका.

खोका मोठा, बिलही मोठे

हे गणित बऱ्याच घरांमध्ये माहीत नसते. कुरियर कंपन्या फक्त काट्यावरचे वजन बघत नाहीत, खोक्याने अडवलेली जागाही मोजतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्ही गुणायच्या आणि साधारणपणे ५००० ने भागायचे. जे उत्तर येईल ते ‘आकारमानाचे वजन’. काट्यावरचे वजन आणि हे वजन यांपैकी जे जास्त, त्याचे पैसे लागतात.

समजा, दीड किलोचे कपडे तुम्ही ४० × ३० × ३० सेंटिमीटरच्या खोक्यात भरले. गुणाकार ३६,०००, भागिले ५०००, म्हणजे ७.२ किलो. तेच कपडे ३० × २५ × १० सेंटिमीटरच्या पाकिटात बसवले, तर गुणाकार ७५०० आणि वजन दीड किलो. कपडे तेच, पण पहिल्या खोक्यात तुम्ही पावणेसहा किलो हवेचे भाडे भरले. पोस्टात असो वा कुरियरकडे, मोजपट्टीने खोका मोजून जा आणि ‘पैसे कोणत्या वजनाचे लावणार?’ असे आधीच विचारा.

हरवले तर?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्याचे उत्तर पैशात देता येईलच असे नाही. स्पीड पोस्टने पाठवलेली वस्तू हरवली किंवा तिचे नुकसान झाले, तर मिळणारी भरपाई ही भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तितकीच असते. ८००० रुपयांची साडी विमा न काढता पाठवली आणि ती हरवली, तर हातात काय येईल याचा हिशेब तुम्हीच करा. किमती वस्तूसाठी काउंटरवर विमा मागा, खरी किंमत सांगा आणि खरेदीचे बिल जपून ठेवा. कुरियरकडेही भरपाईची मर्यादा पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली असते. सही करण्याआधी ती वाचा.

काही वस्तूंचा विमा काढून उपयोगच नसतो. आजोबांच्या हातचे पत्र, लग्नाच्या अल्बमची एकुलती एक प्रत, जमिनीचे जुने कागद. अशा गोष्टी पाठवण्याआधी प्रत्येक पान स्कॅन करा किंवा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा. मूळ कागद खरोखर लागणार आहेत का, की साक्षांकित प्रत चालेल, हे समोरच्या कार्यालयात विचारून घ्या. पाठवायचेच असतील, तर प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घालून २ जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवा. आणि कोणी विश्वासू माणूस पुष्पक एक्स्प्रेसने मुंबईला जाणार असेल, तर त्याची वाट बघणे हाही चांगला पर्याय आहे.

रोख रक्कम साध्या पार्सलमध्ये कधीही ठेवू नका. ओवाळणीचे पैसे घडी घालून राखीच्या पाकिटात ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. नोटा, नाणी, सोने यांना विम्याशिवाय टपालाने पाठवण्याची परवानगी नाही. फटाके, लायटर, नेलपॉलिश, डिओडरंट यांसारख्या पेट घेणाऱ्या वस्तूही चालत नाहीत. पॉवर बँक आणि अत्तर यांच्यासाठी तर आधी विचाराच, विमानाने जाणाऱ्या पार्सलमधून या वस्तू अनेकदा परत येतात.

पत्ता : निम्मे काम इथेच

चांगला खोका आणि महाग सेवा यांचाही चुकीच्या पिन कोडपुढे इलाज चालत नाही. हा पिन कोड आपल्याला दिला तो एका मराठी माणसाने. संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तो तयार केला आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो लागू झाला. एकाच नावाची गावे, वेगवेगळ्या भाषा आणि लिप्या यांमुळे होणारा गोंधळ ६ अंकांनी सोडवला. पहिला अंक विभाग सांगतो. आलमबागच्या २२६००५ मधला २ म्हणजे उत्तर प्रदेश आणि उत्तराखंड. महाराष्ट्र आणि गोव्याचे पिन ४ ने सुरू होतात. पहिले ३ अंक मिळून जिल्ह्याचा टप्पा ठरतो आणि शेवटचे ३ नेमके पोस्ट ऑफिस दाखवतात. वडगाव, पिंपळगाव अशा नावांची गावे महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. तिथे पिनचा एक अंक चुकला तरी पार्सल दुसऱ्याच तालुक्यात जाऊ शकते.

पत्ता मराठीत लिहायला हरकत नाही, पण वाटेत तो अनेक राज्यांतून जाणार आहे, म्हणून शहराचे नाव, राज्य आणि पिन इंग्रजीतही लिहा. पाठवणाऱ्याचा पत्ता विसरू नका, पार्सल परत यायचे झाले तर ते येणार कुठे? दोघांचेही मोबाइल नंबर लिहा आणि पत्त्याची एक चिठ्ठी खोक्याच्या आतही ठेवा. पावसात वरचा कागद निघून गेला, तर तीच कामाला येते.

घेणाऱ्याचाही विचार करा

माझी आजी साताऱ्यात दुसऱ्या मजल्यावर राहते. तिचा मोबाइल देवघरात असतो आणि ती बाहेरच्या खोलीत. तिच्या नावाने ओटीपी सांगून ताब्यात घ्यायचे पार्सल पाठवले, तर पोस्टमन दारात आणि ओटीपी देवासमोर, अशी गत होते. तिच्यासाठी शेजारच्या दादांचा नंबर देणे सोयीचे. याउलट दिवसभर ऑफिसात असणाऱ्या बहिणीसाठी ओटीपीची सोय चांगली, कारण पार्सल कोणाच्या तरी हाती परस्पर जात नाही. स्पीड पोस्टला ही सोय ५ रुपये आणि जीएसटी भरून मिळते.

वयस्कर माणसांना ८-१० किलोचा एकच खोका पाठवण्यापेक्षा २ छोटे पाठवा. जिन्यावरून तो कोण उचलणार? खोका सुरीशिवाय उघडता येईल इतपतच टेप लावा. पार्सल कधी पोहोचेल याचा अंदाज फोन करून सांगा आणि उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. तक्रार करायची वेळ आली, तर तोच पुरावा ठरतो.

मुलगा किंवा मुलगी परदेशात असेल, तर थोडी जास्त तयारी लागते. कस्टम्सच्या फॉर्मवर नुसते ‘खाद्यपदार्थ’ किंवा ‘भेटवस्तू’ असे न लिहिता प्रत्येक वस्तूचे नाव, वजन आणि किंमत लिहा. प्रत्येक देशाचे खाद्यपदार्थांचे नियम वेगळे असतात, म्हणून त्या देशाच्या अधिकृत वेबसाइटवर आधी बघा.

पार्सल गेले, आता सावध राहा

पावतीवर १३ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. आधी २ इंग्रजी अक्षरे, मग ९ अंक आणि शेवटी ‘आयएन’. स्पीड पोस्टचा क्रमांक ‘ई’ने सुरू होतो. पावतीचा फोटो काढून घेणाऱ्यालाही पाठवा आणि माग फक्त अधिकृत वेबसाइटवरच काढा.

‘पत्ता अपूर्ण असल्यामुळे तुमचे पार्सल अडकले आहे, या लिंकवर जाऊन माहिती भरा’ असा मेसेज आला, तर लिंक उघडू नका. पोस्टाच्या नावाने असे बनावट मेसेज फिरत असतात. ‘तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, व्हिडिओ कॉलवरून उठू नका’ असा फोन आला, तर तो लगेच बंद करा. ‘डिजिटल अटक’ असा कोणताही प्रकार आपल्या कायद्यात नाही. ज्यांनी खरोखर पार्सल पाठवलेले असते तेच अशा वेळी जास्त घाबरतात, म्हणून घरातल्या ज्येष्ठांना हे आधीच समजावून सांगा. पैसे गेले असतील, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. टपालाच्या तक्रारीसाठी १८०० २६६ ६८६८ हा क्रमांक आहे.

घरातून निघण्यापूर्वी

• खोका हलवून पाहिला, आत काही हलत नाही.
• लांबी, रुंदी, उंची आणि वजन कागदावर लिहून घेतले.
• दोन्ही पत्ते, पिन आणि मोबाइल नंबर तपासले, आत चिठ्ठी ठेवली.
• भरलेल्या वस्तूंचा आणि बंद खोक्याचा फोटो काढला.
• किमती वस्तूचे बिल आणि स्वतःचे ओळखपत्र सोबत घेतले.
• खोका पूर्ण बंद करण्याआधी काउंटरवर काय चालते ते विचारले, टेप आणि कात्री पिशवीत ठेवली.

सणाच्या आदल्या आठवड्यात सगळीकडे रांगा असतात, म्हणून राखी आणि फराळ किमान १० ते १२ दिवस आधी पाठवा. दिवसा वेळ मिळत नसेल, तर मोठ्या स्टेशनांजवळच्या रेल्वे मेल सर्व्हिसच्या, म्हणजे आरएमएसच्या काउंटरवर अनेक ठिकाणी पोस्ट बंद झाल्यावरही बुकिंग होते. चारबागला जाण्याआधी तिथली वेळ फोनवर विचारून घ्या आणि चकलीचा डबा मेट्रोत मांडीवरच ठेवा.